शून्य नंबरचे दात

ज्या माणसाच्या पाठीमागे दिवसभर शेकडो जबडे आ वासून उभे असतात, त्याला आयुष्यात कशाचीच भीती वाटू नये, असं आपल्याला वाटतं. दातांच्या लॅबच्या मॅनेजरांनाही तसंच वाटायचं. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे, लॅबमध्ये त्यावरून प्लॅस्टरचे साचे ओतले जायचे, साच्यांवर कवळ्या बनायच्या. कवळ्या ज्याच्या त्याच्या तोंडात जायच्या आणि साचे मात्र, मेणातल्या दातांच्या नमुन्यासकट, फळीवर राहायचे. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर जबडे आणि प्रत्येक जबड्याच्या कपाळावर नंबर. आता जबड्याला कपाळ नसतं हे मॅनेजरांनाही ठाऊक होतं, पण ते तसंच म्हणायचे आणि लॅबमध्ये त्यांच्या शब्दाला मान होता. पेशंट यायचे, जायचे, काही तर जगातून जायचे, साचे मात्र जागचे हलायचे नाहीत. संध्याकाळी दिवा मालवताना मॅनेजर त्यांच्याकडे बघून "येतो हं" म्हणायचे. कुणी उत्तर देऊ नये एवढीच त्यांची अपेक्षा होती आणि बरीच वर्षं ती पूर्ण होत होती.

मग मेणावर एकेक दात लावणाऱ्या मावशी निवृत्त झाल्या आणि लॅबच्या मालकीणबाईंनी दात कापणारी मशीन आणली. मशीन म्हणजे काय, एक पांढरं कपाट. त्याला जबडा कंप्युटरवर दाखवायचा, की ते आतल्या आत कुरकुरत कवळी तयार करून समोर ठेवतं.

"सगळे जुने साचे आता कंप्युटरवर घ्यायचे," बाई म्हणाल्या. "पुढे ऑफिसात एक कंप्युटर, मागे स्कॅनरपाशी एक, पॉलिशच्या टेबलावर एक आणि सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर. कुणीही कुठूनही उघडाव्यात. जोडणीला माणूस बोलावते मी."

माणूस! मॅनेजर समोर बसलेले असताना माणूस! त्यांच्या मनाला ते लागलंच.

"बाई, घरचंच काम आहे हे," ते म्हणाले. "मी करतो."

या कामातला त्यांचा अनुभव म्हणाल, तर घरच्या टीव्हीची पिन त्यांनी एकदा स्वतः बसवली होती. तेव्हापासून त्या टीव्हीवर सगळी माणसं हिरवी दिसत, पण दिसत. बाईंनी "बघा बुवा" म्हटलं आणि मॅनेजरांनी ते होकारात धरलं.

खरं सांगायचं तर घरचा टीव्ही हल्ली कुणी लावतच नव्हतं. अण्णा, म्हणजे मॅनेजरांचे वडील, गेल्यापासून घरात आवाज असा नव्हताच. आईने आपली कवळी काढून वाटीत ठेवली ती ठेवलीच. जेवण मऊ करून गिळायची, विचारलं तर "हं" म्हणायची, नाहीतर मान हलवायची. "आई, दात लाव ना, बोल ना जरा," असं मॅनेजर रोज म्हणायचे. एकदाच ती बोलली होती. "कोणाशी बोलू?" म्हणाली होती. समोर पन्नाशीचा मुलगा उभा असताना असं म्हणावं! मॅनेजरांना ते लागलं. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, की आई पुन्हा बोलली पाहिजे. बाकी नेटवर्क वगैरे नंतर.

असो. नेटवर्क.

मॅनेजरांच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. ते पुलांचे इंजिनिअर होते, पण निवृत्तीनंतर सगळ्याच विषयांचे झाले होते. जिन्यात केबलचं भेंडोळं बघितल्याबरोबर त्यांनी मॅनेजरांना भिंतीला टेकवलं.

"वायर वळवू नका," ते म्हणाले. "माहिती सरळ जाते. वळणावर अडते."

"पण साहेब, ऑफिस इकडे आणि लॅब जिन्याच्या पलीकडे आहे."

"मग जिना मधे कशाला घेता? भिंतीतून जा. भोक पाडा. छोटंसं. आणि हो, सर्व्हर उंचावर ठेवा, माहिती खाली आपोआप येईल."

पाण्याच्या टाकीचा हा नियम मॅनेजरांना पटला. सर्व्हर त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर, जबड्यांच्या मधोमध, दोन साचे बाजूला सरकवून बसवला. तो सुरू झाला की फळी बारीक थरथरायची आणि तिच्यावरचे सगळे साचे एकदम दात वाजवायचे. पॉलिशवाला पहिल्या दिवशी चहा टाकून बाहेर गेला आणि "थंडी वाजतेय त्यांना" असं सांगून परत यायला तयार होईना. शेवटी मॅनेजरांनी सर्व्हरखाली जुना टॉवेल घातला. दातांचा आवाज थांबला, पण मधूनच एखादा टक्कन वाजायचा. तो कुठला, ते कधीच कळलं नाही.

भिंतीला भोक पाडायचं तर इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, अर्ज घेतला आणि विचारलं, "वायर कुठून निघणार?"

"ऑफिसातून."

"जाणार कुठे?"

"लॅबमध्ये."

"परत कधी येणार?"

मॅनेजरांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. "ती तिथेच राहणार," असं ते शेवटी म्हणाले, तेव्हा सेक्रेटरींनी "मग ही तात्पुरत्या बांधकामात बसत नाही" असा शेरा मारून अर्ज परत केला. मॅनेजरांनी दुसरा अर्ज केला, त्यात वायर अधूनमधून येऊन जाऊन असेल असं लिहिलं. तो लगेच मंजूर झाला.

भोक मॅनेजरांनी स्वतः पाडलं. ड्रिल मशीन भाड्याची, हात स्वतःचे. भिंत सरळ, भोक सरळ, मन सरळ. फक्त ज्या खोलीत ते निघायला हवं होतं तिच्या अलीकडे वकिलांचं ऑफिस आहे, एवढं त्यांच्या ध्यानातून गेलं. ड्रिलचं टोक वकिलांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून, नेमकं रविवारातून बाहेर आलं. वकील तेव्हा अशिलाला "तुम्ही काही काळजी करू नका" असं सांगत होते. अशील उठून गेला तो गेलाच.

वकिलांनी नोटिशीचा मसुदा तोंडीच म्हणून दाखवला. म्हणताना त्यांची वरची कवळी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती टेबलावरच पडली, तेव्हा दोघांनीही थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

"तडजोड करू," वकील कवळी जागेवर बसवत म्हणाले. "भोक राहू द्या. वायर माझ्या ऑफिसातून जाऊ द्या. पण मला नवी कवळी हवी. आणि माझाही कंप्युटर तुमच्या त्या सगळ्यांच्या ड्राइव्हला जोडा, माझी कपाटं भरलीत."

अशा रीतीने वकील नेटवर्कात आले. कुणाला काय उघडायची मुभा आहे, असं सर्व्हर विचारत होता. मॅनेजरांनी "सर्वांना सर्व" हे बटण दाबलं, कारण घरच्यासारख्या माणसांत भेदभाव कसला? परिणामी एका डॉक्टरांना खालच्या जबड्याऐवजी भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा गेला. पण डॉक्टर भले होते. "यातला चौथा मुद्दा कच्चा आहे," एवढंच कळवलं त्यांनी.

मग साचे स्कॅन करायचं काम सुरू झालं. हे मात्र मॅनेजरांनी एकट्याने करायचं ठरवलं. एकेक जबडा उचलायचा, धूळ फुंकायची, स्कॅनरच्या तबकडीवर ठेवायचा. तबकडी फिरायची, निळा उजेड दातांवरून सरकायचा आणि पडद्यावर तोच जबडा अधांतरी तरंगत वळून मॅनेजरांकडे बघायचा. बघायचा म्हणजे डोळे नसताना जितकं बघता येईल तितकं. स्कॅन झाला की साचा टाकून द्यायच्या पोत्यात जायचा. फळ्या रिकाम्या होत चालल्या, तसा खोलीत मॅनेजरांच्याच पावलांचा आवाज घुमायला लागला आणि त्यांना ती खोली नकोशी वाटायला लागली.

एके दुपारी हातात अण्णा आले.

अण्णांची कवळी याच लॅबमध्ये झाली होती. अण्णांच्या मूळ दातांत समोर एक फट होती आणि डावा सुळा शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून बसलेला होता. दात पडल्यावर त्यांनी मावशींना बजावलं होतं, "नवे लावा, पण जुनेच लावा. मला आरशात परका माणूस नको." मावशींनी फट ठेवली, सुळा चढवला. त्या फटीमुळे अण्णांच्या प्रत्येक 'स'मागे बारीकशी शीळ वाजायची, तीही नव्या दातांत परत आली. मॅनेजर रोज कामाला निघताना अण्णा दारात उभे राहून म्हणायचे, "सावकाश जा रे, सोन्या, सावकाश." पन्नाशीच्या माणसाला सोन्या! शेजारपाजारच्यांना ऐकू जायचं. मॅनेजर चिडून भराभरा जिना उतरायचे. आता तो साचा आणि त्याच्यावरची मावशींची मेणातली दातांची मांडणी हातात घेऊन ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

साचा ठेवून घ्यावा, असं त्यांना फार वाटलं. पण पॉलिशवाला बघत होता. सगळ्यांचे पोत्यात आणि आपल्या वडिलांचा पिशवीत, हे मॅनेजरपदाला शोभलं नसतं. त्यांनी अण्णांना स्कॅन केलं आणि पोत्यात अगदी वर, हलक्या हाताने ठेवलं.

मग त्यांनी पडद्यावरची यादी बघितली आणि त्यांचा जीव तुटला. अण्णा यादीच्या मधेच कुठेतरी, अनोळखी जबड्यांच्या दाटीत पडले होते. आणि सगळ्यात पहिला, शून्य नंबरवर, कोण? नाव नाही, गाव नाही, एकाला झाकून दुसऱ्याला काढावं असे चकचकीत दात असलेला कुणीतरी उपरा! मशीनबरोबर कंपनीनेच पाठवलेला. म्हणजे वडील माणूस गर्दीत उभा आणि हा पुढच्या खुर्चीत बसलेला. मॅनेजरांना ते बघवेना. त्यांनी त्या उपऱ्याला उठवून यादीच्या शेवटी नेलं आणि अण्णांना शून्य नंबरवर बसवलं. सर्वांना सर्व मुभा असल्यामुळे सर्व्हरने चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू झाली आणि चालली की हो! तिन्ही कंप्युटरवर, वकिलांचा धरून चारही, तेच जबडे दिसत होते. मॅनेजरांनी ऑफिसात बसून कळ दाबली की भिंतीपलीकडे मशीन कुरकुरायला लागायची. पहिल्याच खेपेत त्यांनी आईची नवी कवळी करायला घेतली. आई आधी नाही म्हणाली, मग "एकदाचं घ्या माप आणि मला सोडा" अशा चेहऱ्याने तिने तोंड उघडलं. कवळी झाली, मॅनेजरांनी डबी न उघडताच घाईने घरी नेऊन आईच्या उशाशी ठेवली. आईने डबी तशीच ठेवून दिली. वकिलांनी मात्र त्यांची कवळी त्याच दिवशी घातली.

डॉक्टरांचे फोन यायला लागले. तक्रारी नव्हत्या, कौतुक होतं! "काय मांडणी आहे हो! अगदी खरे दात वाटतात. मशीनचे वाटतच नाहीत." बाई चष्म्यावरून मॅनेजरांकडे बघून हसल्या. वरचे इंजिनिअर "मी म्हटलं होतं ना, वायर वळवू नका" असं इमारतभर सांगत सुटले. मॅनेजर घरी जाताना दोन पायऱ्या एकदम चढायला लागले.

आणि मग ती शीळ ऐकू आली.

जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात कुणी नव्हतं. मॅनेजर डबा उघडत होते. भिंतीतल्या भोकातून, वायरच्या बाजूने, अगदी स्पष्ट आवाज आला. "सावकाश... सावकाश..." प्रत्येक 'स'मागे ती बारीक शीळ.

मॅनेजरांच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल फिरत राहिलं.  मग त्यांनी भोकाला कान लावला. पलीकडे नुसता टाइपरायटर वाजत होता.

"कोण आहे?" त्यांनी भोकात विचारलं.

टाइपरायटर थांबला. भोकही गप्प झालं.

वकील तिथे मजकूर सांगत असतील, हे डोक्याला कळत होतं. पण वकिलांचा आवाज जाड, आणि ही शीळ तर लहानपणापासून कानात बसलेली. मॅनेजर डबा तसाच बांधून रस्त्यावर आले. म्हटलं, माणसांत मिसळावं. कोपऱ्यावरच्या फळवालीपाशी एक म्हातारी उभी होती. तिने वळून मॅनेजरांकडे बघितलं आणि ओळख नसताना, म्हाताऱ्या बायका हसतात तशी हसली. समोर फट. डावा सुळा शेजाऱ्याच्या खांद्यावर.

चेहरा परका आणि हसू अण्णांचं.  मॅनेजर फळं न घेता, उलट्या पावली मागे सरकले आणि सायकलवर आदळले. सायकलवाला म्हातारा होता. "दिसत नाही का, साहेब?" तो म्हणाला. शीळ वाजली.

पुढचे दिवस कसे गेले ते मॅनेजरांनाच ठाऊक. पोस्टाच्या खिडकीत अण्णा, दवाखान्याच्या बाकावर अण्णा, बसच्या पहिल्या सीटवर दोन अण्णा, एकमेकांशी बोलत. फोन उचलावा तर पलीकडून "नमस्कार, साहेब" आणि शीळ. कुणी खोकताना, कुणी जांभई देताना, कुणी नातवावर ओरडताना अण्णा क्षणभर दिसायचे आणि ओठ मिटले की नाहीसे व्हायचे. मॅनेजर लोकांच्या डोळ्यांकडे बघेनासे झाले, तोंडाकडेच बघायला लागले. लोकही मग तोंडावर हात धरायला लागले.

पॉलिशवाल्याने एकदा हळूच म्हटलं, "साहेब, हल्ली सगळे पेशंट एकाच घरातले आहेत का हो?"

"का?" मॅनेजरांचा आवाज चिरकला.

"नाही, मशीनवर ब्रश लावतो ना, तर वाटतं प्रत्येक कवळी माझ्याकडे बघून एकच गोष्ट सांगतेय."

मॅनेजर इंजिनिअरांकडे गेले. वडील दिसतात, असं स्पष्ट सांगायची लाज वाटली म्हणून "सर्व्हरमुळे माणसाला काही भास वगैरे होतात का?" असं विचारलं. इंजिनिअरांनी डोळे मिटून विचार केला. "अर्थिंग केलंय का?" म्हणाले. मॅनेजरांनी सर्व्हरची वायर नळाला गुंडाळली. त्या दिवसापासून नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अण्णांमध्ये काही फरक पडला नाही.

शेवटी एका सकाळी, ऑफिसात सगळे असताना, भर उजेडात त्यांनी मन घट्ट केलं आणि ड्राइव्ह उघडला. फळवालीपाशी दिसलेल्या म्हातारीचा नंबर माहीत नव्हता, म्हणून नव्या यादीतला कुठलाही एक उघडला. जबडा तरंगत आला, वळला आणि हसला. अण्णा. दुसरा उघडला. हिरड्या वेगळ्या, दात अण्णांचे. तिसरा. चौथा. ज्या ज्या दारावर टकटक करावी त्यातून अण्णाच डोकावत होते. वकिलांचा नंबर उघडला, तेव्हा मॅनेजरांनी खुर्ची मागे सरकवली आणि मशीनच्या कंपनीला फोन लावला.

"सर," तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हिरड्या पेशंटच्या मापाच्या असतात. पण दात कसे मांडायचे ते मशीन शून्य नंबरकडे बघून ठरवते. तिथे आम्ही एक प्रमाण मांडणी ठेवलेली असते. तुमच्याकडे शून्य नंबरवर काय आहे?"

"तिथे," मॅनेजर म्हणाले, "सध्या माझे वडील आहेत."



मालकीणबाईंना सांगायला मॅनेजर गेले ते राजीनामा खिशात घालूनच गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुमच्या वडिलांचं तोंड तुम्ही गावाला वाटलंत?"

"पुढच्या खुर्चीत बसवलं होतं फक्त," मॅनेजर म्हणाले.

"ज्याचं तोंड त्याचं असतं हो! माणूस आमच्यावर विश्वासाने तोंड उघडतो, मॅनेजर. लॅबचं नाव गेलं ना, तर तुम्ही आणि मी दोघंही ही मशीन डोक्यावर घेऊन फिरू. सगळ्या कवळ्या परत आणा. एकूण एक. सगळ्यांना नव्या करून द्या. एकही बाहेर राहिली तर तो कागद खिशातून काढा, नाहीतर राहू द्या."

राजीनामा खिशात आहे हे बाईंना कसं कळलं, कोण जाणे.

मॅनेजरांनी त्या उपऱ्याला यादीच्या शेवटून सन्मानाने परत आणून शून्य नंबरवर बसवलं आणि अण्णांना त्यांच्या जुन्या जागी, गर्दीत नेलं. मग ते दारोदार फिरले. "सुधारित कवळी आलीय" असं सांगायचे. लोक द्यायला राजी नव्हते. एक म्हातारा म्हणाला, "हिच्यामुळे नातू हसतो माझ्या बोलण्याला." फळवालीपाशी दिसलेली म्हातारी डबीत कवळी ठेवताना म्हणाली, "फार चांगला माणूस असावा हो हा, जो कोणी होता तो." मॅनेजरांनी त्या डबीचं झाकण दोनदा लावून बघितलं. वकिलांनी मात्र स्वतःहून परत केली. कोर्टात ते "सन्माननीय" म्हणाले की न्यायाधीशसाहेब इकडेतिकडे पक्षी शोधायला लागायचे.

एकेक डबी गोळा होत गेली, तसं शहर पुन्हा परकं होत गेलं. बसच्या पहिल्या सीटवर साधी दोन म्हातारी माणसं बसली होती. भोकातून वकिलांचा जाड, कोरडा आवाज यायला लागला. मॅनेजरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते पोस्टाच्या खिडकीशी उगाचच दोनदा जाऊन आले.

शेवटी एकच डबी राहिली. आईच्या उशाशी ठेवलेली.

ती आणायला ते दिवेलागणीला घरी गेले. दिवा लागलेला नव्हता. मॅनेजरांनी दारात एक बूट काढला आणि दुसऱ्याच्या नाडीला हात घातला, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"किती दिवस लावलेस रे परत यायला? सांगून जायचं तरी."

शीळ. प्रत्येक 'स'मागे शीळ.

मग क्षणभर शांतता, जणू कुणी उत्तर देत होतं, आणि पुन्हा तोच आवाज, जरा समजुतीच्या सुरात, "बरं, असू दे. असू दे."

मॅनेजर एका बुटावर आतल्या खोलीच्या दारापर्यंत आले. आत अंधुक होतं. आरशासमोर आई बसली होती. आरशात तिचे पांढरे केस, तिचं कपाळ, तिचे डोळे, आणि खाली अण्णा हसत होते. आई बोलली की अण्णांचे ओठ हलत. आई थांबली की अण्णा ऐकत.  मॅनेजरांनी दाराची चौकट धरली, ती करकरली.

आई वळली. अण्णांच्या दातांनी हसली.

"ये रे, सोन्या."

इतक्या दिवसांनी त्या घरात त्यांना कुणी नावाने हाक मारली होती. मॅनेजर, जे सकाळपासून दहा घरांत न अडखळता खोटं बोलून आले होते, तिथेच मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. आईने उठून त्यांच्या पायातला दुसरा बूट काढला.

"आई," थोड्या वेळाने ते म्हणाले, "ही कवळी चुकून... ही परत द्यायचीय."

"चुकून?" आई म्हणाली. "जन्मभर समोर बसून बघितलेत हे दात. मला कळत नाही होय कोणाचे आहेत ते? डबी उघडली आणि ओळखलं."

"पण बाईंनी सांगितलंय, एकूण एक परत हवी."

आईने तोंड घट्ट मिटून घेतलं. औषध नको असलेलं पोर मिटतं तसं. मॅनेजरांनी हात पुढे केला तशी ती मान फिरवून भिंतीकडे बघायला लागली. त्यांनी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डब्या मोजल्या.

"एक कमी आहे."

"हो."

"कोणाची?"

"घरची," मॅनेजर म्हणाले आणि खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला.

बाईंनी कागद उघडला नाही. "बोलतात का आता?" त्यांनी विचारलं.

"गप्पच बसत नाही."

बाईंनी रिकाम्या फळ्यांकडे एकदा बघितलं. "दुरुस्तीला दिलीय असं लिहा," त्या म्हणाल्या. "आणि दुरुस्ती सावकाश होऊ दे." मग त्यांनी कागदाची आणखी एक घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं.

नेटवर्क चालू आहे. सर्व्हर टॉवेलवर बसून गुणगुणतो, नळाला अजून झिणझिण्या येतात आणि वायर, अर्जात लिहिल्याप्रमाणे, अधूनमधून येऊन जाऊन असते. मॅनेजर मात्र बदलले आहेत. सकाळी कामाला निघताना आता ते भराभरा जिना उतरत नाहीत. दारातून आवाज येतो, "सावकाश जा रे, सोन्या, सावकाश," आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जातो, तर जाऊ दे. ते एकेक पायरी उतरतात. "हो," असं समोर बघूनच म्हणतात. वळून बघितलं तर दारात एकटी आई दिसेल. म्हणून ते वळत नाहीत.